घरी बांधलेली बग्गी पंधरा मिनिटांनी दम सोडते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत काय काय तपासू?

सांगाडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

पाईपचा सांगाडा स्वतः वेल्ड करून दोन आसनी बग्गी बांधली आहे. खासगी मोकळ्या जागेतच चालवतो, रस्त्यावर काढत नाही. इंजिन जुन्या मोटरसायकलचं: दोन सिलिंडर, ६५० सीसी, ४५ अश्वशक्तीच्या आसपास, सीटच्या मागे. कार्बोरेटर दोन. मोटरसायकलवर टाकी इंजिनाच्या डोक्यावर होती, पेट्रोल आपसूक उतरायचं. बग्गीत तशी जागा नाही, म्हणून पत्र्याची २२ लिटरची टाकी करून सीटखाली बसवली. तिचा तळ कार्बोरेटरच्या अर्धा मीटर खाली येतो. मग विजेवर चालणारा चौकोनी पंप घेतला, खोक्यावर ४ ते ७ पीएसआय (दाबाचं माप) लिहिलंय. तो इंजिनाशेजारच्या पत्र्यावर बसवला, कारण तिथे वायर जवळ पडत होती.

पहिल्याच दिवशी दोन्ही कार्बोरेटर ओव्हरफ्लो. मग दाब कमी करणारा, आकड्यांची चकती असलेला रेग्युलेटर लावला आणि १.५ वर ठेवला. ओव्हरफ्लो थांबला.

आता खरं दुखणं. थंड इंजिन एका सेल्फला चालू होतं, आयडलिंग सुरेख. बारा-पंधरा मिनिटं गाडी मस्त पळते. त्यानंतर रेस धरून ठेवली की मिसिंग, दोन-तीन झटके आणि बंद. दहा मिनिटं थांबलो की पुन्हा चालू होते, पण मग दोन-तीन मिनिटांतच पुन्हा तेच.

आतापर्यंत बदललेलं: दोन्ही प्लग, फिल्टर (दोनदा) आणि पंप (नवा, तसाच). कार्बोरेटर खोलून जेट साफ केले. फरक शून्य. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मंदगती

कॉईल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारी गुंडाळी. गरम झाली की आतली वायर सुटते, गार झाली की जुळते. दहा मिनिटांनी चालू होते म्हणजे तेच. पेट्रोलच्या नादी लागू नकोस.

नवशिक्या

कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल. माझ्या स्कूटरला तसंच व्हायचं.

तेलकट हात

कचरा हे उत्तर नेहमीच बरोबर वाटतं, कारण शोधला की थोडा सापडतोच. पण कचऱ्याला घड्याळ कळत नाही. पंधरा मिनिटं शहाण्यासारखा बसून मग दोन्ही कार्बोरेटरमध्ये एकदम नाही येत तो.

सांगाडा, तू पंप बदललास, प्लग बदललेस, फिल्टर दोनदा बदललेस. चोर सोडून संन्याशाला फाशी देत सुटलायस. नवीन काही घेण्याआधी एक काम कर. गाडी झटके देऊन बंद पडेल त्याच क्षणी चावी बंद कर. सेल्फ मारायचा नाही, रेस द्यायची नाही. फ्लोट बाऊल म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोल साठवणारी वाटी, तिच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सोड, दोन्ही बाऊलमधलं पेट्रोल दोन वेगळ्या बाटल्यांत धर आणि मोज. नंतर गाडी आयडलिंगवर ठीक चालत असताना बंद करून तेच पुन्हा मोज.

बाऊल भरलेले असतील तर पेट्रोल पोचतंय, मग मंदगतींची कॉईल बघू. रिकामे असतील तर बाऊलच्या पुढचं सगळं निर्दोष, गुन्हेगार मागे. एका स्क्रूने अर्धी गाडी यादीतून बाद होते.

आणि तिथेच टाकीचं झाकण उघडून बघ, हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज येतो का. हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात होत जातो आणि पंपाला ओढवत नाही. घरी केलेल्या टाकीत हे भोक ठेवायचंच राहून गेलेलं मी स्वतः पाहिलंय.

दहाचा पाना

काका सांगतायत ते करण्याआधी: एक्झॉस्ट त्या वेळी तापलेला असतो आणि तुम्ही त्याच्याजवळ पेट्रोल सोडणार आहात. बाटली काचेची नको. अग्निशामक हाताशी, आणि शेजारी एक माणूस फक्त ते धरून उभा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि सांगाड्याच्या पाईपांमध्ये रेंगाळते. बॅटरीची तार आधी सोडा, कारण पान्याची एक ठिणगी पुरते. एक्झॉस्टवर थेंब पडण्याची शक्यता दिसली तर हा प्रयोग करूच नका, बाऊलला आधी लांब नळी जोडून ती बाजूला काढा.

शिवाय एक विचारते. तुमचा पंप थेट चावीवर आहे का? म्हणजे गाडी उलटली, इंजिन बंद पडलं, तरी चावी चालू असेपर्यंत पंप पेट्रोल ओततच राहणार?

सांगाडा

@दहाचा पाना, हो, थेट चावीवर. हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाऊलला नळी जोडून काल मोजलं. ठीक चालताना दोन्ही बाऊलमधून ६५-६५ मिली निघालं. बंद पडल्यावर डावीकडून २० मिली, उजवीकडून जेमतेम ५. झाकण उघडताना आवाज नाही. झाकण सैल ठेवूनही चालवून पाहिली, तेच.

म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये. कॉईलवाले शांत?

मंदगती

शांत नाही. बाऊल रिकामा असला म्हणून कॉईल चांगली ठरत नाही.

फ्लोटबाऊल

आता थोडा हिशोब मांडू या, नाहीतर आपण अंधारात दगड मारत बसू.

पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर किलोवॉट-तासाला ढोबळमानाने ३०० ग्रॅम पेट्रोल पितं. ४५ अश्वशक्ती म्हणजे ३३-३४ किलोवॉट. म्हणजे तासाला १० किलो, लिटरमध्ये साडेतेरा. मिनिटाला सव्वादोनशे मिली. दोन्ही बाऊल मिळून तुझ्याकडे १३० मिली साठा. पुरवठा पूर्ण तुटला तर पूर्ण रेसवर हा साठा ३५ सेकंद पुरेल. तुझे 'रेस धरून ठेवली की दोन-तीन झटके' याच्याशी जुळतं. आयडलिंगला मात्र इतकं कमी लागतं की अर्धमेला पुरवठाही चालतो. म्हणून 'आयडलिंग सुरेख' हे पेट्रोल व्यवस्था चांगली असल्याचं प्रमाणपत्र नाही.

दाबाबद्दलही. मोटरसायकलवर तुझी टाकी कार्बोरेटरच्या फार तर ३० सेंटिमीटर वर असेल. पेट्रोलचा एक मीटर उंच स्तंभ साधारण १ पीएसआय दाब देतो, म्हणजे बाऊल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या त्या नीडलला जन्मभर ०.३ पीएसआयची सवय. तिच्यावर तू ४ ते ७ सोडलेस, ती उचलली जाणारच. तिला दाबून धरणारा तरंगता फ्लोट बिचारा किती जोर लावणार? रेग्युलेटर लावलास ते बरोबर, पण त्या चकतीवरच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. शेजारी ० ते १५ पीएसआयचा छोटा गेज बसव. ० ते १०० चा नको, त्यात १ आणि ३ सारखेच दिसतात.

शून्य ओहम

पंपाच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावून पंप चालू असताना किती व्होल्ट येतात? बॅटरीवर नको, पंपावर. घरी बांधलेल्या गाड्यांत दहापैकी निम्म्या वेळा अर्थिंग रंगावर आवळलेलं असतं.

सांगाडा

@शून्य ओहम, बॅटरीवर १२.६, पंपावर १०.४! अर्थिंग सांगाड्याला, आणि सांगाडा पावडर कोटिंग केलेला. 🤦 खरवडून उघड्या लोखंडावर घेतलं, वायर जाड टाकली आणि रिले बसवला. आता १२.३.

फरक: पंपाचा आवाज बदलला. गाडी मात्र पंधरा मिनिटांनी बंदच.

तेलकट हात

ठीक आहे, ते दुखणं वेगळं होतं, बरं झालं सापडलं. घरच्या गाडीत दोष एकटादुकटा नसतो, कुटुंबच असतं. एक सापडला की 'हाच तो' म्हणून नाचायचं नाही.

आता पंपाची जागा. हे पंप ढकलण्यात वाघ आणि ओढण्यात शेळी. तू त्याला टाकीपासून दूर आणि अर्धा मीटर वर, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी टांगलायस. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक एरवीसुद्धा ३५-४० अंशांपासून वाफ व्हायला लागतात. पंपाच्या तोंडाशी वाफ झाली की तो नुसता घरघरतो. पंप टाकीच्या शेजारी आणि तळाच्या पातळीला आण. नळी एक्झॉस्टपासून लांब ने. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, बारीक फिल्टर पंपानंतर. आधी बारीक लावलास तर पंप तोंडावर उशी दाबल्यासारखा ओढत बसतो.

सांगाडा

काका, दंडवत!! सुटलं!

टाकी रिकामी करून उतरवली. पंप तिच्या शेजारी तळाला रबरी गुट्ट्यांवर बसवला, नळी दुसऱ्या बाजूने नेली, फिल्टर तुम्ही म्हणालात तसे. गळती तपासायला टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवली, थेंब नाही. आज सलग चाळीस मिनिटं पिदडली. एक झटका नाही. व्हेपर लॉकच होता.

नवशिक्या

अभिनंदन! व्हेपर लॉक म्हणजे वाफेमुळे नळी तुंबणे, बरोबर? वाचनखूण साठवली.

फ्लोटबाऊल

छान. गेज लावलास का?

सांगाडा

@फ्लोटबाऊल, अजून नाही, आता गरज वाटत नाही. :)

सांगाडा (आठ दिवसांनी)

मी शब्द मागे घेतो.

शनिवारी पाऊण तास चालवली. शेवटी झटके आणि बंद. रविवारी सकाळी, इंजिन थंडगार असताना, तीन मिनिटांत बंद! व्हेपर लॉक असेल तर थंड इंजिनात कसा? हवाही गार होती. नळीला हात लावला, ती बर्फासारखी नाही पण थंडच. मी पुन्हा जिथून निघालो तिथेच.

मंदगती

मी काही बोलत नाही.

तेलकट हात

चुकलो. म्हणजे पंप खाली आणायला हवा होताच, पण दुखणं ते नव्हतं. चाळीस मिनिटं चालली तेव्हा आणखी काय वेगळं होतं ते मी विचारायला हवं होतं.

दहाचा पाना

दोन प्रश्न, दोन्ही बाळबोध.

एक, तुम्ही दर वेळी 'दहा मिनिटं थांबलो' म्हणता. एका मिनिटात सेल्फ मारून पाहिलाय का कधी? दहा मिनिटांत चालू होते याचा अर्थ दहा मिनिटं लागतातच असा नाही. गार व्हायला वेळ लागतो. बाऊल भरायला लागत नाही. चावी चालू ठेवून पंपाला अर्धा मिनिट चालू द्या आणि मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर उष्णतेचा सगळा विषयच संपला. वाफ, कॉईल, सगळं.

दोन, बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं?

सांगाडा

पहिल्याचं उत्तर आत्ताच करून पाहिलं. बंद पडली, चावी चालू ठेवली, चाळीस सेकंदांत चालू! मी इतके दिवस उगाच घड्याळ बघत बसत होतो, कारण पहिल्या दिवशी चहाला... असो, दहा मिनिटांची सवयच लागली होती.

दुसऱ्याचं: टाकीत पेट्रोल असतंच की. कधीच संपलेलं नसतं.

दहाचा पाना

'असतंच की' हा आकडा नाही. काठी घाला आणि मोजा. शक्य असेल तर आधीच्या वेळांचंही आठवून सांगा.

सांगाडा

टाकी २४ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ०.९ लिटर. काठीवर १२ ला खूण केलेली. चाचणीच्या वेळी पूर्ण टाकी घेऊन फिरायचं नाही असं ठरवलं होतं (आगीची भीती), म्हणून दर वेळी १२ च्या खुणेपर्यंतच भरायचो.

काल बंद पडली तेव्हा मोजलं: ९.५. चालू केली, पुन्हा पडली: ९.२. मग १२ पर्यंत भरलं आणि निघालो. चौदा मिनिटांनी बंद, काठी ९.५.

टंकतानाच अंगावर काटा आला. पंप हलवला तेव्हा मी टाकी काठोकाठ भरली होती.

फ्लोटबाऊल

आणि १२ वरून ९.५ म्हणजे सव्वादोन लिटर. चौदा-पंधरा मिनिटांत सव्वादोन लिटर म्हणजे तासाला नऊ. दणकून चालवली तर एवढं जाणारच. तुझी पंधरा मिनिटं ही वेळ नव्हतीच, ती काठीवरची अडीच सेंटिमीटर होती.

दहाचा पाना, तुम्हाला साष्टांग.

तेलकट हात

वा बाई, वा. आता टाकीच्या आत काय आहे ते सांग रे. पेट्रोल उचलणारी नळी वरून आत जाते की तळातून बाहेर येते?

सांगाडा

वरून. टाकीच्या माथ्यावर पितळी जोड आहे, त्याला आतल्या बाजूने साधी पेट्रोलची रबरी नळी लावून तळापर्यंत सोडलीय, टोकाला जाळी. बाहेर वापरली त्याच गुंडाळीतली उरलेली नळी. पेट्रोलचीच नळी आहे, चांगल्या प्रतीची.

फ्लोटबाऊल

इथेच आहे बघ. पेट्रोलची नळी आतून पेट्रोल सहन करायला बनवलेली असते. बाहेरचं आवरण ऊन, तेल, घासणं यासाठी असतं, दिवसरात्र पेट्रोलमध्ये बुडून राहायला नाही. कडेचा कापलेला भाग तर उघडाच असतो, तिथून पेट्रोल थरांमध्ये शिरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर जुन्या जातीचं रबर आणखी लवकर फुगतं आणि मऊ पडतं. टाकीत बुडवायच्या नळीचा दर्जा वेगळा असतो: तिच्यावर एसएई जे३० आर१० असं छापलेलं असतं. आर७ किंवा आर९ छापलेली नळी बाहेर उत्तम, आत नाही.

माझा अंदाज: ९.५ सेंटिमीटरच्या उंचीला नळीला चीर आहे. पेट्रोल चिरेच्या वर असेपर्यंत पंप चिरेतूनही पेट्रोलच ओढतो, कुणाला पत्ता लागत नाही. पातळी खाली गेली की चिरेतून हवा येते. अर्धं पेट्रोल, अर्धी हवा. आयडलिंगला पुरतं, रेसला नाही.

शून्य ओहम

अंदाजावर टाकी उघडू नका, आधी सिद्ध करा. पंपानंतरची नळी रेग्युलेटरआधी सोडून डब्यात धरा आणि ३० सेकंद पंप चालवा. तीनदा: टाकी १४ वर असताना, ९ वर असताना, आणि तिसऱ्यांदा पंपाची ओढणारी नळी टाकीतून काढून थेट पेट्रोलच्या वेगळ्या कॅनमध्ये बुडवून. तिसरी चाचणी टाकीलाच प्रश्नातून वगळते. मोकळ्या हवेत, आणि पंपाची तार जोडा-तोडायची ती डब्यापासून लांब.

नवशिक्या

पारदर्शक फिल्टरमध्ये हवा दिसत नव्हती का? माझ्या फिल्टरमध्ये नेहमी अर्धी हवा दिसते, मला तर आता धडकी भरली.

तेलकट हात

@नवशिक्या, फिल्टर अर्धा रिकामा दिसणं म्हणजे दोष नव्हे. वरच्या बाजूला हवेचा एक बुडबुडा अडकून वर्षानुवर्षं बसतो, पेट्रोल त्याच्याखालून जातं. बुडबुडा स्थिर असेल तर निवांत झोप. बुडबुड्यांची माळ सतत वाहत असेल तर उठ.

सांगाडा

निकाल (प्रत्येकी ३० सेकंद):

टाकी १४ वर: ६५० मिली, अखंड धार.
टाकी ९ वर: ८० मिली. फुर्र फुर्र करत, थुंकल्यासारखं.
थेट कॅनमधून: ६५० मिली.

@फ्लोटबाऊल, ८० मिली ३० सेकंदांत म्हणजे मिनिटाला १६०. तुमचे सव्वादोनशे लागतात. आयडलिंग चालणार, रेसला मरणार. तंतोतंत.

मग टाकी रिकामी केली, माथ्यावरचा जोड काढला. नळी बाहेर आली ती मुळात नळी वाटेना. फुगून लिबलिबीत झालेली. पुरावा म्हणून खालचं टोक बुजवलं, नळी पाण्याच्या बादलीत धरली आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. वाकते तिथेच, बाहेरच्या बाजूला, नखाएवढी चीर. बुडबुडे भसाभस. जोडापासून चिरेपर्यंतचं अंतर मोजलं, टाकीच्या उंचीतून वजा केलं: ९.६.

हे सगळं एका उरलेल्या हातभर नळीमुळे. दोन महिने!

फ्लोटबाऊल

आता तिथे रबर नकोच. स्टीलची सरळ नळी माथ्यावरच्या जोडाला ब्रेझिंग (ज्योतीने पितळ वितळवून जोडणं) करून घे, खालचं टोक तिरकं काप म्हणजे तळाला टेकलं तरी तोंड बंद होत नाही. तळापासून सेंटिमीटरभर वर ठेव, तळाचं पाणी आणि गाळ उचलला जाणार नाही. आणि नळी फुगून तिचा काळा लगदा पुढे गेलाय, तेव्हा फिल्टर, रेग्युलेटर आणि दोन्ही नीडलच्या बैठका पुन्हा साफ कर. हो, आता खरंच कचरा आहे, नवशिक्याचं बरोबर निघालं एकदाचं.

जोडांना टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन लावलं असशील तर तेही काढ. सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही आणि टेपचे तंतू नीडलखाली जाऊन बसतात.

आणि गेज!

दहाचा पाना

ब्रेझिंग जोड टाकीपासून वेगळा काढूनच करा. टाकीला ज्योत लावायचा मोह नको. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान पेट्रोलची वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं, आणि 'धुऊन वाळवलीय' म्हटलेल्या टाकीच्या दुमडीतून एवढी वाफ सहज निघते.

सांगाडा

अद्यतन.

स्टीलची नळी बसवली (जोड सुटा करून, @दहाचा पाना). गेजही लावला. रेग्युलेटरच्या चकतीवर १.५, गेजवर ३! फ्लोटबाऊल, तुमचा अविश्वास योग्य होता. चकती १ च्याही खाली फिरवली तेव्हा गेज १.२ वर आला. त्यानंतर एक गंमत झाली: गाडी आधी कधी नव्हती इतकी मोकळी पळायला लागली. म्हणजे इतके दिवस बाऊलची पातळी जास्तच होती, गाडी जरा रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालत होती, आणि मी ते 'जुनं इंजिन' म्हणून सोडून दिलं होतं. प्लगही आता काळे नाहीत, विटकरी आहेत.

पंपाच्या वायरीत ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच टाकला. इंजिन थांबलं की पंप बंद. फक्त सुरुवातीला बाऊल भरायला एक दाबायचं बटण वेगळं दिलंय, हात काढला की सुटतं. शिवाय जोराचा धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा स्विचही लावला.

काल १२ वरून निघालो आणि काठी ४ येईपर्यंत फिरलो. एकदाही बंद नाही. फक्त ५ च्या खाली गेल्यावर डाव्या लांब वळणात एक उचकी येते. उजव्यात नाही.

तेलकट हात

त्यात गूढ काही नाही. डाव्या वळणात पेट्रोल उजवीकडे धावतं आणि तुझी नळी डावीकडे आहे. टाकीत पेट्रोलचे हेलकावे अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या घातल्या नाहीस ना? टाकी कापायची तर सगळं पुन्हा, आणि पाना बाई तुला सोडणार नाहीत. त्यापेक्षा पंपानंतर लिटरभराचं उभट भांडं बसव: पंप ते भरत राहील, जास्तीचं वरून टाकीत परत, आणि कार्बोरेटरला त्या भांड्याच्या तळातून. मात्र हे भांडं कार्बोरेटरच्या वर, थोड्या उंचीवर बसवलंस तर पेट्रोल पूर्वीसारखं आपसूक उतरेल आणि रेग्युलेटरही लागणार नाही. परतीची नळी ऐसपैस ठेव, बारीक झाली तर भांड्यातच दाब चढेल. किंवा पाच सेंटिमीटरच्या खाली पेट्रोल जाऊ देऊ नकोस. हा उपाय आजच करता येतो.

सांगाडा

आज तरी काठीवर ६ ला लाल खूण केलीय. भांड्याचं चित्र काढून पुढच्या धाग्यात टाकतो, शिव्या तिथे द्या.

मंदगती

छान झालं. कॉईल अजून जुनीच आहे ना?